चिकातला हात

गोदाआत्यांचा हात मला चैत्रातल्या सकाळीच दिसतो. निंबाच्या मोहोराची पांढरी भुकटी अंगणभर सांडलेली, ऊन कोवळं, आणि पाट्यावर भिजल्या गव्हाची एकसुरी, ओलसर घरघर. आत्या माझ्या सासऱ्यांची बहीण. लहानपणीच विधवा होऊन किन्हीराजाला भावाच्या घरी आलेल्या. दिसायला सुंदर नव्हत्या, बोलायला तिखट. पण त्या बिनकाकणाच्या मनगटावर ऊन असं थांबायचं, जसं दुसरीकडे जायची त्याला घाईच नाही.

लढाईचे दिवस होते, गहू मागून मिळत नव्हता. नणंदेच्या रुखवतातल्या कुरोड्यांसाठी जपलेला गहू आत्यांनीच तीन दिवस भिजवला, वाटला, फडक्यातून गाळला. तिथवर त्यांचा हात चालायचा. चुलीला हळदकुंकू वाहिलं की पुढचं काम सवाशिणींचं. आत्या उंबऱ्याशी जाऊन बसल्या.

रात्रभर निवळलेलं पाणी ओतून दिलं. गंगाळाच्या तळाशी चीक थिजल्या चांदण्यासारखा पडून होता. मी घरात नवी. लाकडी चाटू जोरात खुपसला, तर तो रुतून उभाच राहिला. हिसडला, तर गंगाळच उचललं गेलं.

"अवं माय, सून गंगाळ घेऊन माहेरी चालली!" शेजारीण हसली.

सासूबाईंनी चाटू ओढून घेतला. त्यांच्यात जोर जास्त, म्हणून चीकही जास्त अडला. चुलीवर पाणी खळखळत होतं, ऊन चढत होतं, चिकाला आंबूस वास सुटायला लागला होता. तो मोकळा झाला नाही तर रुखवत कुरोड्यांविना मांडायचं आणि बोल माझ्या पायगुणाला, हे मला कळत होतं.

आत्या उठल्या. कुणाला न विचारता गंगाळाशी बसल्या आणि बोटं चिकावर नुसती टेकवली.

"आक्का, काय करून राह्यल्या? लग्नाचं हाय ते!" सासूबाई ओरडल्या.

"म्हनूनच. आंबलं तं व्याह्याले काय ढोरायचं आंबोण वाढशीन?" मग माझ्याकडे वळून, "मारू नको त्याले, पोरी. गोठ्याच्या दारात ढोरं हाकलली का एकमेकात अडकतात, तसं होते. दम धर. आपसूक वाट देते."

बोटं आपल्याच भाराने बुडत गेली, मग मनगट. तळ्यात ढगाची सावली सरकावी तसा तो हात आत फिरत राहिला, आणि मघाचा दगड दुधासारखा बोटांमधून ओघळू लागला. सासूबाईंनी त्यांना उठवलं नाही. चुलीतलं लाकूड मात्र उगाच पुढे-मागे केलं.

लग्नात आसेगावच्या विहीणबाईंनी कुरोडी उन्हात धरून पाहिली. "येवढी पांढरी! चीक कोनं घोटला?"

"आमच्या सुनेनं," सासूबाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजले. भीती वाटली हे खरं, आणि कौतुक गोड लागलं हेही खरं. मांडवाच्या कडेला आत्या उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि भांडी घासायला निघून गेल्या. पुढे जन्मभर त्या याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही.

आता सासूबाई नाहीत, आत्या नाहीत, मला कुणाची भीती नाही. खरं बोलायची मुभा काळ देतो, पण ते ज्यांना ऐकवायचं त्यांना आधी घेऊन जातो. उरते ती आठवण. तिला सगळं सांगता येतं, ती मान डोलावत नाही.