तांदळातलं नाव

निलंग्याजवळच्या आमच्या गावात मी बारा वर्षं आरोग्य खात्याची आशाताई आहे. नवी सून आली की तिची नोंद मीच करते. तुळजाबाईंच्या मुलानं, बालाजीनं, लग्नात बायकोचं नवं नाव म्हणून ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'वर्षाराणी' लिहिलं, तेव्हा पेढा खाऊन मीही तेच नाव वहीत चढवलं. आधीचं नाव विचारायचं सुचलंच नाही. आपल्यात विचारतं कोण?

यंदा दवाखान्यातून टॅब मिळाला. बाईच्या तपासणीचा कंधारचा कागद, निलंग्याचा, लातूरचा, सगळे त्यातलं एआय एका जागी आणतं म्हणे. मला त्याचा रागच यायचा. आधीच कामाचा डोंगर, वर यंत्राच्या चौकशा.

वर्षाराणीला सहावा महिना. दोन घागरी उचलल्या की धाप लागायची. "पोटुशी बाईला लागतीच की," असं तिची सासू तुळजाबाई म्हणायच्या, आणि खरं सांगते, मीही तेच म्हणत होते.

त्या दिवशी तिच्या घरी बसून माहिती भरली, तर टॅबवर प्रश्न आला: कंधार तालुक्यातली तनुजा लिंबाजी हीच का? कंधार तिचं माहेर, जन्मतारीख तीच, जुन्या नोंदीतला मोबाईल तिच्या भावाचा. खाली लाल अक्षरांत: जुनी नोंद महत्त्वाची, पण जोडण्याआधी बाईला विचारा.

तुळजाबाईंना मी चहाला पाठवलं. "तनुजा तूच का गं?"

तिचा चेहरा उतरला. "न्हाई ताई. ती कोन, मला ठाव न्हाई."

"पोरी, जिवाशी खेळ हाय ह्यो."

मग ती रडायलाच लागली. लहानपणापासून हृदयाची झडप खराब, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. लग्न जमलं तसं आईनं ते बंद केलं आणि बजावलं, सासरी शब्द काढायचा नाही.

"कळलं तर हाकलून देतील. नगा जोडू, ताई."

मला तिच्या आईचा संताप आला. त्याहून जास्त माझा स्वतःचा. यंत्राला जे खटकलं, ते दर महिन्याला समोर बसून मला खटकलं नव्हतं. बोट 'हो'वर नेलं आणि थांबले. ती नको म्हणत असताना दाबू कशी? आणि न दाबता घरी जाऊ कशी?

वर पाहिलं तर तुळजाबाई चहा घेऊन दारातच उभ्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्यांनी कप खाली ठेवले आणि सुनेजवळ बसल्या.

"तुझ्या मायनं लपिवलं, लई वाईट केलं. तिला मी सोडनार न्हाई." मग पदरानं तिचे डोळे पुसले. "माझं बी नाव होतं. सोजर. चाळीस वर्सं झाली, कुनी हाक मारली न्हाई. आन मी बी तुझं विचारलं न्हाई." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते ताटातले तांदूळ कवाच खाऊन झाले. सांग, तूच का ती?"

"हाव," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. लातूरच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ तिथंच मिळाली, परवा सकाळची. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी टॅबमध्येच बघत बसले.

तुळजाबाईंनी कप पुढे सरकवला.

"तनुजा, चहा घे. निवून चाललाय."