काचेच्या भांड्यातली क्षमा

पाणी लाल झालं आणि अख्खी मंडळी एका दमात ओरडली, "हालेलुया!"

एरवी या प्रार्थनामंदिरात रविवारी मोजकी डोकी. म्हातारे पाळकसाहेब, त्यांचा खोकला, पेटी वाजवणारी त्यांची बायको आणि सवयीने येणारी चार घरं. दारावर पाटी होती, 'या, सगळे या.' सगळे काही येत नसत. आज मात्र खिडक्यांच्या कठड्यांवरही माणसं चढून बसली होती. टेबलावर काचेचं मोठं भांडं होतं, त्यात नितळ पाणी, आणि भांड्यामागे पाहुणे उपदेशक. त्यांना सगळे नुसतं 'बंधू' म्हणत. सूट पांढरा, बूट पांढरे, दात तर विचारूच नका.

"पाप दिसत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं, ते नाहीच!" बंधू गरजले. "वा रे वा! दात आतून किडतो तेव्हा दिसतो का? ठणकायला लागला की दिसतो! मी ठणकायच्या आधी दाखवतो. या! इथे कुणाला मनाई नाही. चोर या, दारुडे या, सासूला छळणाऱ्या या, सुनेला छळणाऱ्या दोनदा या!"

लोक हसले आणि हसता हसता रांगेत उभे राहिले. माणसाने माइकपुढे आपलं पाप सांगायचं. बंधू ओल्या पांढऱ्या रुमालाने त्याचे दोन्ही हात हळुवार पुसायचे, बाळाचे पुसावेत तसे. मग हात भांड्यात. पाणी लालेलाल. "बघा, बाहेर आलं!" मग बंधू काचेच्या जगमधून 'कृपेचं पाणी' ओतायचे आणि लाली फुंकर मारल्यासारखी नाहीशी व्हायची. माणूस रडायचा, शेजारचे मिठी मारायचे. खाटीक रडला. पोस्टातला बाबू रडला. बायकोला मारणारा शिंपी तर असा रडला की त्याची बायको त्यालाच समजावत बसली.

खांबाला टेकून उभी असलेली धाकटी मात्र त्या रंगाकडे टक लावून बघत होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. उपासनेला कधी यायची नाही. मोठ्या बहिणीने, ताईने, फार आग्रह केला म्हणून आली होती. रक्ताचा लाल असा नसतो, हा गुलाबीकडे झुकणारा लाल आपण कुठेतरी रोज बघतो, असं तिच्या मनात येतंय तोवर पुढच्या बाकावरून ताईच उठली.

ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. चादरी, पायजमे, रक्ताची फडकी दिवसभर सोड्याच्या पाण्यात. सुट्टी झाली तशीच आली होती, कामावरचा लांब बाह्यांचा झगा न बदलता. मनगटापाशी त्या बाह्या सोड्याने खळ घातल्यासारख्या ताठ झालेल्या.

"आई न्हाणीघरात पडली होती," ताई माइकमध्ये म्हणाली. माइकची सवय नाही, त्यामुळे फार जवळ तोंड नेलं. "हाका मारत होती. मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं मी. म्हटलं, ओरडू दे जरा. सारखीच तर ओरडते. मग... मग ती ओरडायची थांबली."

 खांबापाशी उभ्या धाकटीला ताईने सांगितलं होतं, आई जागच्या जागी गेली, काही कळलंच नाही तिला.

बंधूंनी हात पुसले, ताईने मनगटापर्यंत हात बुडवले. पाणी लाल. जग उचलला, ओतला, पाणी निवळलं. "आमेन!" ताईने डोळे मिटले. कित्येक महिन्यांत तिचे खांदे असे खाली आलेले धाकटीने पाहिले नव्हते.

आणि मग बाह्यांच्या कडेने पुन्हा लाल धागे सुटू लागले. बंधूंनी परत ओतलं. निवळलं. परत लाल. जग रिकामा झाला आणि पाणी लाल ते लालच.

क्षणभर बंधूंचा चेहरा एखाद्या चोरट्यासारखा गोंधळला. पण जीभ तयारीची. "ही बहीण काहीतरी लपवते आहे! देव पुसतोय आणि हिचं काळीज परत मळवतंय!"

पहिल्या बाकावरच्यांनी पाय मागे घेतले. एका आईने पोराला उचलून कडेवर घेतलं. पाळकसाहेब अर्धे उठले, तोंड उघडलं, खोकल्याची उबळ आली, खाली बसले.

त्या दिवसापासून ताईने कामावर जाणं सोडलं. मोरीत बसून हात घासायची.

"अगं, सालटी निघाली बघ!" धाकटी हात धरायला गेली.

"हात नको लावूस मला."

धाकटीने शाळेच्या प्रयोगशाळेतून रंग बदलणाऱ्या औषधाची बाटली आणली. ताईच्या समोर, ताईच्याच पेल्यात साधं पाणी घेतलं आणि बाटलीतले थेंब टाकले. मग ताईच्या कामावरच्या झग्याची बाही त्यात बुडवली. लाल. लिंबूसत्त्वाची चिमूट टाकली. साफ.

"हे बघ. दहावीची पोरं करतात हे. सोडा पडला की लाल, आंबट पडलं की साफ. त्याच्या भांड्यात हेच थेंब असतात आणि रुमालात सोडा असतो गं. तुझ्या बाह्यांत त्याच्या हिशेबापेक्षा जास्त निघाला, म्हणून त्याचाच डाव त्याच्यावर उलटला."

ताईने पेला बघितला. "छान आहे," ती म्हणाली. "पण हे तुझ्या शाळेतलं. तिथलं वेगळं. तिथे सगळ्यांसमोर झालं."

मग सगळ्यांसमोरच करायला हवं होतं. पुढच्या रविवारी धाकटीने ताईला जवळजवळ ओढतच नेलं, शेवटच्या बाकावर बसवलं आणि स्वतः रांगेत उभी राहिली. ताईच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

"बोल बहिणी, तुझं पाप बोल!"

"माझं मागाहून. आधी हिचं." धाकटीने पर्समधून साबणाची वडी काढली आणि भांड्यात सोडून चांगली चोळली. पाण्यात लाली चढली.

कुणीतरी खुसखुसलं.

"हिने काय केलं असेल हो बंधू? सासूला छळलं असेल?"

"बहिणी, देवाच्या घरात थट्टा..."

"थट्टा कसली? आता तुमचा रुमाल." बंधूंचा हात मागे जायच्या आत तिने रुमाल ओढून पाण्यात टाकला. पाणी असं लाल झालं की मागच्या खिडकीतल्यांनाही दिसलं. "बाप रे! हा तर अट्टल निघाला!" मग तिने जगमधलं पाणी पेल्यात ओतून सगळ्यांदेखत प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबट. लिंबूसत्त्व आहे. ज्याला हवं त्याने चाखून बघा."

खाटकाने चाखलं. शिंप्याच्या बायकोने चाखलं आणि नवऱ्याकडे जे बघितलं, ते तो जन्मभर विसरणार नाही. धाकटीने सगळं उलगडून सांगितलं: भांड्यातलं औषध, रुमालातला सोडा, जगमधलं आंबट, ताईच्या बाह्या. शाळेतल्यासारखंच सांगितलं, न चिडता, दोनदा.

 आता बंधूंना धरतील, असं धाकटीला वाटलं.

बंधू गुडघ्यांवर कोसळले. पांढरा सूट धुळीत. "मी पापी आहे! सगळ्यांत मोठा पापी मीच! माझ्यासाठी दार उघडं आहे का हो?"

आणि दार उघडं होतं. आधी एकीने हुंदका दिला, मग खाटकाने त्यांना उठवून छातीशी धरलं. गाणं सुरू झालं. पाळकसाहेब माइकपाशी आले. "कृपेला भांडं लागत नाही," ते म्हणाले. "हे मी त्याच दिवशी उठून बोलायला हवं होतं. त्या बहिणीला कुणीतरी..." पण पेटीचा आवाज मोठा होता आणि लोक बंधूंना मिठी मारायला रांगेत उभे होते.

शेवटच्या बाकाकडे कुणीही गेलं नाही.

दोघी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसल्या.

"कळलं ना ताई? नुसता सोडा होता."

"कळलं गं. मी काय वेडी आहे?" ताईने सोललेले हात मांडीवर ठेवले. "म्हणजे लाल झालं ते खोटं. मधे निवळलं ते पण खोटंच ना?"

"हो."

"मला तेवढ्यात वाटलं होतं, सुटले." तिने मागे दाराकडे पाहिलं. "आणि पाय मागे घेतले लोकांनी, त्यात काही मिसळलं नव्हतं ना?"

धाकटीने पर्स मांडीवर घेतली.

"ती तुझी पण आई होती," ताई म्हणाली. "तूच सांग मग, सुटले का मी? तुझ्याकडे खोटं काही नसतं."

धाकटीला सगळं माहीत होतं. आईला उचलणं, पुसणं, तिच्या शिव्या खाणं, वर्षानुवर्षं सगळं ताईने केलं. आपण महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचो आणि पर्स मांडीवरून खाली न ठेवता निघायचो. अकलेने बघितलं तर उत्तर सोपं होतं. पण कानात तेच घुमत होतं, ओरडू दे जरा.  

"चल, घरी जाऊ," ती म्हणाली.

ताईने मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी, आणि हात बाह्यांत ओढून घेतले.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. रंग बदलणारं पाणी घेऊन कुणी तुमच्या दारी आलं, तर आधी विचारा, यात काय घातलंय? त्याचा रुमाल हुंगा, त्याचा जग चाखा. पाण्याला पाप कळत नाही. त्याला सोडा कळतो आणि आंबट कळतं. भांड्यापुढे रांग लावू नका. ज्याचं काही बिघडवलंय, त्याच्याकडे जाऊन माफी मागा. तो देईलच असं नाही. बहुतेक वेळा नाहीच देणार. पण त्याचं ते 'नाही' तरी खरं असेल.