एका तणाची तीन नावं

कुंड्यांना पाणी घालून सून परतली तेव्हा सासूबाई खुर्चीत सकाळी बसवल्या होत्या तशाच बसून होत्या. सुनेचे हात गळून गेले होते, पण खरं काम पुढेच होतं. झटका आल्यापासून सासूबाईंचा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभही रुसून बसली होती. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, रोजच्या कामातले शब्द आधी काढून घ्या. उद्या त्या बघायला यायच्या होत्या. काही फरक दिसला नाही, तर त्यांचं येणंच बंद होणार होतं.

रोजचं काम म्हणजे ही रोपवाटिका. आणि इथलं रोजचं भांडण म्हणजे कुंडीत, फरशीच्या फटीत, जागा मिळेल तिथं उगवणारं ते मेलं तण. लांब देठावर एकच फूल, म्हणून गिऱ्हाइकं त्याला एकदांडी म्हणत. सासूबाई म्हणत कंबरमोडी. "दिवसभर उपटून बघ, म्हणजे कळेल नाव कुठून आलं ते."

सून लग्न होऊन आली ती या तणाचं तिच्या माहेरी चालणारं नाव घेऊन, जखमजोडी. कुठं कापलं-खरचटलं की तिची आई हाच पाला चुरून लावायची. नव्या नवरीनं ते नाव काढलं आणि सासूबाईंनी कामाच्या बायांदेखत तिची खिल्ली उडवली. "तण ते तण, त्याचं कसलं कौतुक? या घरात कंबरमोडीच म्हणायचं." ती मुकाट्यानं तसं म्हणत आली. पण एवढीशी गोष्ट, तिच्या मनाला लागली ती लागलीच.

तरी शिकवताना तिनं सासूबाईंचाच शब्द घेतला. आजारी माणसापुढे आपलं घोडं काय दामटायचं? "पाणी" आलं होतं, वाकड्या तोंडानं का होईना, "माती" आली होती. हे मात्र येईना.

"कंबर... म्हणा, आई." उपटलेलं रोप तिनं त्यांच्या मांडीवर ठेवलं. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"उद्या बाई विचारतील. माझ्यासाठी तरी म्हणा. माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय आता."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. सुनेचं डोकंच फिरलं. खुरपं उचलून ती शेजारच्या कुंडीतलं तण उकरायला लागली आणि रागाच्या भरात खुरपं बोटावर आलं. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. बोट फार दुखत होतं असं नाही, ती नुसती दमली होती.

सासूबाईंचा डावा हात हलला. मांडीवरच्या रोपाची पानं त्यांनी एका हातानंच ओरबाडली, खुर्चीच्या दांडीवर चुरली आणि वाकून सुनेच्या बोटावर दाबली. एवढ्यानंच त्यांना धाप लागली.

"ज... जखम..."

सून बघतच राहिली.

"...जोडी," सासूबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. आणि आता ऐकलं, तर आनंद करायलाही अंगात त्राण नव्हतं.

"कंबरमोडी म्हटलं तरी चालेल हो, आई."

"नको," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिचं बोट काही सोडलं नाही.