पाऊण वळसा

मित्रांनो, मी एक जुनं, अर्धवट वळलेलं आतडं आहे. जुनं म्हटल्यावर हसू नका. मी जिच्या पोटात राहतो ती योगिता अवघी चार वर्षांची आहे. पण मी तिच्या पापण्यांहून थोरला. तिला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, तेव्हा मी होतो. तांदळाच्या दाण्याहून आखूड, एक सरळ नळी.

माझ्या प्रत्येक पेशीत एकच मजकूर होता. त्यातल्या ओळींना जनुकं म्हणतात. सगळ्यांकडे सगळा मजकूर असतो, पण कोणी कोणती ओळ वाचायची ते जागेवरून ठरतं. डावीकडच्या पेशी एक ओळ वाचतात आणि एकमेकींना बिलगून उभ्या राहतात. उजवीकडच्या ती वाचत नाहीत आणि पांगतात. त्यामुळे मला पाठीशी बांधणारा पातळ पडदा डावीकडे कलतो, आणि कुठल्या अंगाने वळायचं ते मला कळतं. शिवाय मी भराभर लांबतो, पडदा सावकाश वाढतो. ताणलेली लेस साडीला शिवली की ती आखडते आणि कडेला चुण्या पडतात ना, तशीच माझी वेटोळी पडतात. मी घडत होतो त्याच सुमारास दूरच्या प्रयोगशाळांत माणसं कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून ही डावीकडची ओळ वाचायला शिकत होती. सचिन नावाच्या कारखानी गावात, योगिताचे आईवडील राहायचे त्या कारखान्यांमागच्या खोलीत हे कोणाला माहीत असणार?

पहिला पाव वळसा

पोटात जागा पुरेना, म्हणून सहाव्या आठवड्यात मी बाहेर नाळेत गेलो. तिथे पहिला पाव वळसा घेतला. तो बरोबर होता.

दुसरा पाव वळसा

 

तिसरा पाव वळसा

 

वरच्या जागा छापायच्या राहिलेल्या नाहीत. दहाव्या आठवड्यात मी पोटात परतलो, तेव्हा हे दोन वळसे घ्यायचे होते. मी घेतले नाहीत. कुठली तरी ओळ वाचायची राहिली. कुठली, ते मलाही ठाऊक नाही. पाऊण वळसा पुरा झाला असता तर मी पोटाच्या मागच्या भिंतीला रुंद टाक्यांनी शिवला गेलो असतो. आता एका अरुंद देठावर लोंबत राहिलो.

योगिताचे वडील वाल्मिक मागावर जायचे. आई सुषमा घरी मागाच्या कांड्या भरायची, म्हणजे छोट्या नळ्यांवर धागा गुंडाळायची. जॉर्जेटच्या धाग्याला दोन पीळ असतात, उजवा आणि डावा. नजरेला फरक कळत नाही, म्हणून त्यांच्या कारखान्यात उजव्या पिळाला गुलाबी रंग द्यायचे, डाव्याला हिरवा. हा रंग पहिल्या पाण्यात जातो. तोवर मात्र बोटांना, पदराला, भांड्यांना लागत राहतो. सुषमा बाळंतीण झाल्यावर कांड्या सासू, सरलाबाई भरू लागली.

नवव्या दिवशी सकाळी मी देठावर गरकन फिरलो. माझ्यातली वाट बंद झाली. पोर ओकली. दुपट्यावर हिरवा डाग पडला.

"मना हातना डाग शे तो," सरलाबाई म्हणाली. "दुपट्यानी घडी मीच करी."

दुसऱ्यांदा ओकली, तेव्हाही घरात कोणी दचकलं नाही. त्या घरात हिरवा डाग रोजचाच होता. दुपारपर्यंत पोर रडायचीही थांबली. तेव्हा सरलाबाईने शेजारच्या उषाबाईला बोलावलं. सरकलेली बेंबी बसवण्यात उषाबाईचा हात धरणारं त्या चाळीत कोणी नव्हतं.

तेल गरम झालं. उषाबाईचा अंगठा बेंबीभोवती फिरू लागला. त्या अंगठ्याखाली बोटभर अंतरावर मी पिळला गेलो होतो. रक्त येत नव्हतं. मी काळा पडत चाललो होतो.

सुषमा त्याच वेळी मोरीत दुपटं धूत होती. एक तांब्या ओतला, दुसरा ओतला. रंग गेला नाही. कडेला पिवळट झाला, एवढंच. ती ओलं दुपटं घेऊन बाहेर आली आणि टोपलीतल्या कांड्यांकडे बघत राहिली.

"आत्याबाई, आठवडाभर गुलाबीच कांड्या भरी राह्यनात ना तुम्ही?"

"हा."

"मंग हिरवा रंग कोठून उना?"

सुषमाने उषाबाईचं मनगट धरलं. "काकू, हात काढा."

"तुले काय समजस?" सरलाबाई उसळली. "पाय भारी व्हता तवय कांड्या भरू नको, म्हने मी. तुना हातना पीळ शे हाऊ."

उषाबाईने दुपटं नाकाशी नेलं. मग पदराला हात पुसले. "सरले, दूध वकनारी पोर मी बसाडस. हिरवं वकनारी मनं काम नही. रिक्षा बलाव."

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट उघडलं. त्यांनी मला उलट फिरवून पीळ सोडवला, गरम ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि थांबले. घड्याळाकडे बघत, काही न करता. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतकं शांत कोणी थांबलेलं नाही. हळूहळू मी जांभळा झालो, मग गुलाबी. त्यांनी माझा देठ रुंद केला आणि मला उजव्या अंगाला पसरून ठेवलं. राहिलेले वळसे पुरे केले नाहीत. तसे ते करायचेही नसतात.

बाहेर सुषमाने एकच विचारलं. "साहेब, मैं पोट से थी, तब कांडी भरती थी. उसकी वजह से हुआ?"

"कब से भरती थी?"

"संक्रांत के बाद."

डॉक्टरांनी जन्माच्या महिन्यापासून, जूनपासून, मागे बोटं मोजली. "ये तो दिसंबर में ही हो चुका था. आपने पहली कांडी बाद में पकड़ी. ये किसी के हाथ से नहीं होता, बहन."

सरलाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. बराच वेळ ती स्वतःची गुलाबी बोटं बघत राहिली.

"सकायले मीच बोलनू," ती म्हणाली. "मना हातना डाग शे म्हनीसन."

सुषमा बाकावर थोडी सरकली आणि शेजारी जागा केली.

आता योगिता पोटावरचा आडवा व्रण मैत्रिणींना दाखवत हिंडते. सुषमा पुन्हा कांड्या भरते. पलीकडे बसून सरलाबाई भरते. मी उजव्या अंगाला पडून माझं काम करतो. जेवण पुढे सरकवतो. कोणाला माझी आठवण येत नाही, आणि तेच बरं.

मित्रांनो, एवढंच मागतो. घरातलं तान्हं बाळ हिरवं ओकलं, तर डाग धुण्याआधी मोठ्यांना दाखवा. पोट चोळू देऊ नका. त्याच पावली दवाखाना गाठायला सांगा. आणि त्याच्या आईचे हात तपासू नका. आम्ही वळतो किंवा चुकतो, तेव्हा त्या हातांना अजून काहीच कळलेलं नसतं.

माझ्या दोन वळशांची जागा कोरीच राहू द्या. तिथे कोणाचंही नाव लिहू नका.