बटणांचा डबा

तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उपडा केला. बटणं घरंगळली. त्यांच्यात गुलाबी गोळ्या होत्या, पन्नासेक तरी.

"बाबांच्या," ती म्हणाली. "कोलेस्टेरॉलच्या. आम्हाला वाटायचं, रोज घेतात."

डॉक्टरांनी एक गुलाबी गोळी उचलून पाहिली. चार महिन्यांपूर्वी बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकाराचा झटका' हे शब्द त्यांनीच लिहिले होते.

"पाय दुखायचे त्यांचे?"

"शिलाई मशीनवर बसलं की मांड्या भरून यायच्या. आम्ही वयावर ढकललं. गिऱ्हाइकाला मात्र ट्रायलला उभं करून चारचारदा विचारायचे, कुठे काचतंय का? भिडेपोटी 'ठीक आहे' म्हणणाऱ्याचा राग यायचा त्यांना. म्हणायचे, तुम्ही तोंड उघडलंत तर माझी कात्री चालणार."

"या गोळीने काहींचे स्नायू दुखतात. मला सांगितलं असतं तर डोस कमी केला असता. गोळी बदलून पाहिली असती."

"हो."

ती बोटाने बटणं बाजूला सारत होती. शर्टाची, कोटाची. गुलाबी गोळ्यांचा ढीग वेगळा झाला. मग तिने उरलेल्या बटणांतून एकेक पांढरी गोळी वेचली आणि ओळीने मांडली. नऊ भरल्या.

"आणि या?"

"माझ्या. माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यावर तुम्हीच दिलेल्या." तिची नजर गोळ्यांवरच होती. "शिकवायला जाते त्या शाळेचा जिना चढवेना. दोन्ही मांड्या, इथपासून इथपर्यंत." तिने वीत लावून दाखवलं, बाबा माप घेत तशी. "आई रोज विचारते, घेतलीस ना? मी हो म्हणते. यात बाबांच्या आहेत हे माहीत असून याच डब्यात टाकत होते. आज दहावी टाकायला झाकण उघडलं आणि हात पुढे जाईना. बाबा गेल्यावर हा डबा आईलाच सापडला होता, तिला तो दुसऱ्यांदा असा सापडता कामा नये."

डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

"आज रक्त द्या, स्नायूंच्या आणि थायरॉइडच्या तपासणीसाठी. अजून पंधरा दिवस गोळी बंदच, पण आता माझ्या सांगण्यावरून. रिपोर्ट बघून दुसरी देऊ, कमी डोसची. दुखणं वाढलं किंवा लघवी गडद झाली तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच यायचं."

तिने सगळं वहीत उतरवलं, तारखेखाली रेघ ओढली. बटणं डब्यात भरली. गोळ्या टेबलावरच राहू दिल्या.

आई बाहेर बाकावर बसली होती. तिच्या हातात डबा देऊन ती शेजारी टेकली.

"नऊ दिवस गोळी घेतली नाही मी, आई. आत सांगून आले."

आईने डबा मांडीवर ठेवला.

"ट्रायलला परत कधी बोलावलंय?" तिने विचारलं.

"पंधरा दिवसांनी."

"मी आत येणार."

आईने डबा कानाशी नेऊन हलवला. नुसती बटणं वाजली.