ब्रेकवरचा पाय

“सांगून ठेवतो, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही,” म्हातारा म्हणाला आणि हातातला चहाचा कप त्याने ट्रेलरच्या मडगार्डवर ठेवला. दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय त्याला गोष्ट सांगता येत नसे. “माझा स्वतःचाच अजून बसत नाहीये. पण हा ट्रेलर समोर उभा आहे, त्याच्यावर लेथ मशीन उभं आहे आणि मी उभा आहे. तिघांपैकी कोणालाही विचारा.”

वर्कशॉपमधली माणसं हसली. ट्रेलरच्या पलीकडच्या अंगाला त्याची सून वाकून साखळीचा ताण सैल करत होती. ती हसली नाही.

तिचा नवराही हसला नाही. तो दारातच उभा होता, हेल्मेट अजून कोपरात अडकवलेलं. सकाळी डोंगरावरच्या जुन्या जागेत मशीन ट्रेलरवर चढवून तो मोटरसायकलवरून पुढे निघून आला होता. खाली नव्या जागेत पाया तयार आहे की नाही ते बघायला. आणि ट्रेलर ओढणारी पिकअप पोचायच्या आधी एक टेम्पोवाला पोचला होता, ज्याने उतारावर मागून सगळा तमाशा बघितला होता.

“बाबा, गोष्ट नको,” नवरा म्हणाला. “झालं काय तेवढंच सांगा. तो म्हणाला, ट्रेलर शेपटासारखा हलत होता.”

“शेपटासारखा? त्याने शेपूट बघितलंय कुठे! अरे, शेपूट परवडलं. उताराला लागलो आणि आरशात बघतो तर ट्रेलर नाही. म्हटलं, सुटला. गेला. तेवढ्यात माझ्या खिडकीवर टकटक. बघतो तर काय, ट्रेलर बाजूला! म्हणतो, काका, जरा साइड द्या, मला घाई आहे.”

वेल्डरला ठसका लागला. फोरमनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “मग दिली का साइड?”

“देतोय! मी म्हटलं, बाबा रे, लग्न लागलंय आपलं, जायचं तर बरोबर जायचं.”

सुनेने साखळीची एक कडी सोडवली आणि हळूच खाली ठेवली. ‘माझ्या खिडकीवर’, असं म्हणाला होता तो. ती खिडकी तिची होती. गाडी तीच चालवत होती.

हे दोघांनाच ठाऊक होतं. सगळा हिवाळा म्हाताऱ्याने तिला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात शिकवलं होतं. रिकामा ट्रेलर, मग विटा भरलेला, मग पाण्याच्या टाक्या ठेवलेला. रिव्हर्स घेताना ट्रेलर उलट दिशेला पळायचा तेव्हा म्हातारा बाजूला बसून खदखदून हसायचा आणि म्हणायचा, “सासरा समज त्याला. डावीकडे जा म्हटलं की उजवीकडे जाणार.” परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. लायसन्स घेऊन घरी आली तेव्हा नवऱ्याने ते उलटून पालटून बघितलं आणि परत दिलं. “छान आहे. पण लायसन्स वेगळं आणि लोड वेगळा. ट्रेलर लागला की स्टिअरिंग बाबांचं.” त्यानंतर तिच्या वाट्याला साखळ्या आल्या.

आज सकाळी नवऱ्याची मोटरसायकल वळणाआड गेली, तसा म्हातारा पिकअपला वळसा घालून डाव्या-उजव्या दोन्ही दारांकडे बघून आला आणि तिच्या हातात किल्ली देऊन म्हणाला, “माझे गुडघे क्लचला ओळख दाखवेनात. तू बस.”

“कारण काय पण?” आता नवरा विचारत होता. “वेग जास्त होता?”

“वेग? मुंगी ओव्हरटेक करत होती मला. वारा, वारा होता! असा वारा, की कावळे मागच्या मागे उडत होते. माझी कवळी तोंडातून निघाली ती डॅशबोर्डवर जाऊन बसली आणि तिथून मलाच शिव्या देऊ लागली.”

पुन्हा हशा. सून उभी राहिली. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.

मशीन चढवताना पिकअपची मागची बाजू दबली होती, दबायचीच. लेथचं जड डोकं ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवलं की हुकवर वजन येतं आणि गाडी जरा बसते. नवऱ्याला ते बघवलं नाही. “मागे घ्या, मागे घ्या, गाडीच्या कमरेवर येतंय,” असं म्हणत त्याने पहारी लावून मशीन मागे सरकवून घेतलं. पिकअप सरळ झाली, दिसायला देखणी. सून म्हणाली होती, “बसली तर बसू दे ना थोडी. मागे जड झालं तर ट्रेलर हाकणार आपल्याला.” त्यावर तो इतरांसमोर हसून म्हणाला होता, “तू साखळ्या बघ.”

आता म्हातारा साऱ्यांना वाचवत होता. मुलाची चूक वाऱ्यावर घातली, सुनेचा गुन्हा स्वतःवर घेतला. गोष्ट अशी गुळगुळीत चालली होती, की कोणाच्या अंगाला काही लागणार नव्हतं.

“पुरे,” नवरा म्हणाला. “बाबा, हात जोडतो. तुमचं वय झालं. वर प्रेस मशीन राहिलंय, ते याच्यापेक्षा जड आहे. मी माणूस बोलावलाय.” त्याने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. तिथे स्टुलावर एक बदली ड्रायव्हर बसला होता, गोष्ट मन लावून ऐकत. “दुपारची खेप हा करेल. पुढच्याही. किल्ली द्या.”

म्हाताऱ्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग दुसरा. किल्ली सुनेच्या खिशात होती. तिचा हात तिथे गेला आणि तिथेच थांबला.

“हिच्याकडे दिली मी,” म्हातारा गडबडीने म्हणाला. “टूलबॉक्सचं कुलूप आहे ना त्याच जुडग्यात. देते ती, देते. आधी माझं ऐकून तर घ्या. गोष्ट अर्ध्यावर सोडली तर पोटात दुखतं माझ्या.”

नवऱ्याने तिच्यापुढे हात पसरला. तिने किल्ली काढली नाही. वाकून दुसरी साखळी हातात घेतली आणि आकड्याला पान्हा लावला.

“तर,” म्हाताऱ्याचा आवाज चढला, “ट्रेलर या काठाला, मी त्या काठाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. सूनबाई बाजूला बसलेली, डोळे मिटून. दाराचं हँडल असं धरलंय की अजून त्याच्यावर बोटं उमटलीत.”

वेल्डर तिच्याकडे बघून हसला. ती पान्हा फिरवत राहिली. डोळे मिटले होते ते म्हाताऱ्याने. हँडल धरलं होतं तेही त्यानेच. तिने फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला होता. स्टिअरिंग सरळ धरलं, ट्रेलर कितीही ओढो, त्याच्यामागे फिरवलं नाही. आणि डॅशबोर्डखालची छोटी दांडी हळू, अगदी हळू दाबली, जिने एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर दोनदा झटकला, एकदा हलला आणि मागे ताठ ओढला गेला. सपाटी आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली. मग दोघांनी पहार, पाइप आणि चेन पुली लावून मशीन पुढे ओढलं. पिकअपची मागची बाजू बसली. तिथून खालपर्यंत ट्रेलर शहाण्या गाईसारखा आला.

हे तिला कोणाला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर किल्ली आजच गेली असती, घरात आठवडाभर तोंडं फुगली असती. तिने ठरवलं होतं, की गप्प बसायचं. म्हाताऱ्याने तर पैजच लावल्यासारखी तिची बाजू झाकली होती.

“आणि मग मी काय केलं असेल?” म्हाताऱ्याने विचारलं. दोन्ही हात त्याने हवेत धरले. त्याने एकदा, अगदी ओझरतं, सुनेकडे बघितलं.

“काय केलं?” बदली ड्रायव्हरने स्टूल पुढे ओढलं.

“दोन्ही पाय ब्रेकवर! उभाच राहिलो ब्रेकवर! पिकअप अशी गच्च थांबवली, की इंजिनाला उचकी लागली!”

“हां,” बदली ड्रायव्हर मान हलवत म्हणाला. “तेच करायचं असतं. हलायला लागला की दाबून ब्रेक. मी तरी तेच केलं असतं.”

“बघा,” नवरा म्हणाला. “अनुभवी माणूस आहे. आणि वर प्रेस मशीनही मागे घेऊनच ठेवायला सांगितलंय मी, गाडीवर ताण नको.”

पान्हा आकड्यावरून निसटला आणि फरशीवर खणखणला. तिने तो उचलला नाही.

“खोटं,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण म्हाताऱ्याचे हात हवेत होते तसेच राहिले.

“काय खोटं?” फोरमनने विचारलं.

“सगळंच. वारा नव्हता. ओझं मागे होतं, म्हणून ट्रेलर हलला. आणि ब्रेकला कोणी पाय लावला नाही. लावला असता तर हे मशीन आत्ता दरीत असतं आणि आम्ही त्याच्याखाली.” ती बदली ड्रायव्हरकडे वळली. “भाऊ, दुपारी तुम्ही ब्रेक दाबलात तर तुम्हीही तिथेच जाल.”

बदली ड्रायव्हर उठून उभा राहिला. नवऱ्याच्या मानेवर लाली चढत गेली.

“तू कशाला मध्ये बोलतेस?” तो म्हणाला. “बाजूला बसून तुला काय कळलं, पाय कुठे होता?”

तिने खिशातून किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरली.

“बाजूला बाबा होते.”