शिट्टीची धार

मळवलीच्या बंगल्यात सबनीस साहेबांची एकोणीसशे अठ्ठावीसची मोटार होती आणि ती राखायला सव्वीस वर्षं महिपती होता. मोटारीखाली, धुराच्या नळीला तीन नळ्यांची पितळी शिट्टी बसवलेली होती. साखळी ओढली की झडप मिटायची, इंजिनाचा सगळा धूर शिट्टीत घुसायचा आणि तिन्ही सूर एकदम लागायचे. आजकालच्या गाड्यांचे हॉर्न ऐकले की महिपतीला त्यांची कीव यायची.

ती शिट्टी आता बसली होती. आधी चार-पाच वर्षं नुसती घोगरी झाली होती. महिपतीने पेट्रोलला शिव्या घातल्या. दिवाळीनंतर मात्र साखळी ओढली की नुसतं फुस्स. साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, रविवारी खंडाळ्याला जुन्या मोटारींचा मेळावा आहे, शिट्टी वाजली नाही तर मोटार कायमची मुंबईच्या गॅरेजात जाईल.

लोणावळ्याचा ओंकार मेकॅनिक आला. त्याने जोडांची पॅकिंग बदलली, झडप घट्ट केली, धूर कुठे गळतोय का ते तासभर हात लावून पाहिलं. फुस्स. मग साहेबांनी मुंबईचा तज्ज्ञ धाडला. या महाशयांनी पांढरे बूट मळू नयेत म्हणून खाली गोणपाट अंथरायला लावलं, मोबाईल शिट्टीपुढे धरला, पडद्यावरच्या रेघा बघून मान डोलावली आणि चिक्की घेऊन परत गेले. महिपतीचं डोकं फिरलं. त्याने साहेबांनाच फोन लावला.

"साहेब, मोटारीत काय बी खोट न्हाई. कुनीतरी अडाण्यानं शिट्टीला हात लावलाय. जो कोन आसंल, त्याला परत गाडीजवळ फिरकू द्यायचं न्हाई."

"शब्द दिला," साहेब म्हणाले.

शनिवारी ओंकार यशोधराला घेऊन आला. ती उर्से गावातल्या एका कारखान्यात लेथवर धातू कातायचं काम करायची. आता मोटारीला पोरी हात लावणार, असं महिपती तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुटपुटला. तिने शिट्टी खोलून हातात घेतली. तोंड दिसेल इतकी ती झळकत होती. चकाकीकडे न बघता यशोधराने शिट्टीच्या तोंडाच्या काठावरून नख फिरवलं.

"आबा, ही कशानं घासता?"

"पॉलिश पेपरनं. दर शनवारी. काजळी धरती ना. आमच्याकडं घाण खपत न्हाई."

"हवा या काठावर चिरली जाते, तवा सूर निघतो. काठाला धार असावी लागते. घासून घासून तुमी ती गोल केलीय."

महिपती हसला. कारखान्यात चार दिवस काढले की सगळ्यांना अक्कल येते, असं काहीतरी तो बोललाही. मग त्याने स्वतःचा अंगठा काठावरून फिरवला. काठ साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता. त्याचं हसू तिथेच विरलं.

तिने बारीक कानस काढली आणि काठाला धार द्यायला घेतली. महिपतीने शिट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली. शिट्टी परत बसवून, इंजिन चालू करून ओंकारने साखळी ओढली तेव्हा शेजारच्या बंगल्यांतले माळी कुंपणापाशी आले. तिन्ही सूर लागले होते. महिपतीला रडू आलं आणि आपली भयंकर लाजही वाटली.

रविवारी सकाळी साहेब आले, साखळी ओढून लहान मुलासारखे खूश झाले. मग वाकून पाहताना त्यांना कानशीचे ओरखडे दिसले. ओंकार बाजूलाच उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे नजर टाकली.

"महिपती, तू म्हणत होतास तो अडाणी हाच ना?"

ओंकारचा चेहरा उतरला. महिपतीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"न्हाई साहेब. त्यो मी हाय," तो म्हणाला आणि दर शनिवारच्या पॉलिश पेपरबद्दल सगळं सांगून टाकलं. मग कमरेची गॅरेजची किल्ली सोडून पुढे केली.

साहेबांनी किल्ली हातात घेऊन उलटीसुलटी केली. मग शब्द दिला होता म्हणून त्यांनी ती खिशात घातली.

महिपतीशिवाय मोटार खंडाळ्याला निघाली. रेल्वेच्या फाटकापर्यंत शिट्टी ऐकू येत होती आणि सूर अगदी स्वच्छ होते.